टाकीवर दोन ठोके

मी एक जुना पेचकस आहे, मित्रांनो, आणि स्क्रू पिळण्याचं काम मला कधीच आवडलं नाही. ते कोणीही करतं. हातगाडीवर डझनाच्या भावाने मिळणारे पिवळ्या प्लॅस्टिकच्या मुठीचे माझे भाऊबंद दिवसभर तेच करतात आणि महिनाभरात टोक मुडपून बसतात. त्यांना भाऊबंद म्हणालो, ही माझीच चूक. माझं काम ऐकण्याचं होतं.

माझी दांडी पाण्याच्या पंपाच्या एका मोडीत निघालेल्या इंजिनातली. वीस वर्षं तिने त्या इंजिनाच्या झडपा उघडल्या आणि मिटल्या, तरी ती वाकली नव्हती. म्हणून एका म्हाताऱ्या उस्तादाने ती भंगारातून उचलली, तापवली, ठोकून टोक काढलं आणि पाणी दिलं. मूठ एका मोडक्या खुर्चीच्या शिसवी पायाची. वीतभर दांडी, चार बोटं मूठ. उस्तादाने मला आपल्या शिष्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "हा कानाला लाव. डोळे रंगाला भुलतात. कानाला रंग दिसत नाही."

तो शिष्य म्हणजे माझा मिस्त्री. मोटारसायकली दुरुस्त करायचा. गल्लीत त्याची पत्र्याची शेड होती. शेडच्या मागच्या दारातून थेट त्याच्या स्वयंपाकघरात जाता यायचं आणि समोर शिंप्याचं दुकान होतं. मिस्त्री चालू इंजिनाच्या अंगावर माझं टोक टेकवायचा, मूठ कानापुढच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग आत जे काही चाललं असेल ते माझ्यातून वर चढायचं. चांगलं बेअरिंग दुपारी झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरतं. बिघडलेलं बेअरिंग वाळू चावतं. आतली साखळी सैल असेल तर कोणीतरी जिन्यावरून चमच्यांची टोपली घेऊन उतरतंय असं वाटतं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र सगळ्या इंजिनांचा आवाज एकच. "मस्त फायरिंग आहे," असं तो म्हणतो.

गाडी विकत घेणाऱ्या माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. गाडी सोडून ते सगळं तपासतात. टायरला लाथ मारतात, हॉर्न वाजवतात, आरशात स्वतःचे केस बघतात. बरोबर एक मेहुणा असतो, ज्याला म्हणे गाडीतलं कळतं. तो विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" आणि उत्तर ऐकून गंभीरपणे मान हलवतो. झाली परीक्षा.

थोडी अक्कल असलेली माणसं गाडी घेण्याआधी मिस्त्रीकडे आणायची. मिस्त्री अबोल. "चांगली आहे" हे त्याच्या तोंडून निघायचंच नाही आणि "वाईट आहे" म्हणण्याचेही त्याला कष्ट वाटायचे. तो ऐकायचा, डोळे उघडायचा, आणि गाडी पास असेल तर मला सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. नापास असेल तर माझ्या मुठीने टाकीवर दोनदा ठोकायचा. बस्स. त्यावर ना अपील, ना चर्चा. माणसं घरी गेली की त्यांच्या बायका पहिलं विचारायच्या, "पेचकस कुठे गेला?" खिशात म्हटलं की गाडी दारात यायची. टाकीवर म्हटलं की विषय संपायचा.

त्याची आणखी एक सवय सांगून ठेवतो, पुढे लागेल. कुठल्याही गाडीत काही नवीन घातलं की चेन जिथून निघते तिथलं झाकण तो काढायचा आणि माझ्या टोकाच्या कोपऱ्याने झाकणाच्या आतल्या बाजूला कोरायचा: काय बदललं आणि कधी. शिंप्याने एकदा विचारलं, "तिथे कोण वाचणार आहे?" मिस्त्री म्हणाला, "पुढचा मिस्त्री. त्याला उगाच फसवू नये."

मग एका वर्षी कोपऱ्यावर काचेचं शोरूम उघडलं. वर पाटी होती, "परदेशी मोटारसायकल, अर्ध्या किमतीत". शोरूमचा मालक हातात सतत पिवळं फडकं घेऊन फिरायचा आणि बोलता बोलता टाक्या पुसायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव चकचक ठेवलं.

"कुठल्या देशातली आहे?" शिंप्याने विचारलं.

"परदेशातली."

"अहो, पण कुठल्या?"

"बाहेरच्या," असं म्हणून चकचकने टाकी पुसली.

त्या गाड्या लाकडी खोक्यांतून अर्ध्या जोडलेल्या यायच्या. काट्यावर एकशे साठपर्यंत आकडे होते आणि गाडी ऐंशीला रडायला लागायची. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवा आत जायला झरोके होते, पण त्यांना भोकं नव्हती. नुसतेच प्लॅस्टिकचे उंचवटे. सोबत एक पुस्तिका मिळायची. तिच्यात लिहिलं होतं, "नवीन इंजिनाचे मन दुखवू नका." आणि पुढे, "पाऊस आल्यास गाडीस विचारा." ही पुस्तिका वाचून मिस्त्रीची लेक जमिनीवर बसून हसली होती. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळायचा.

चकचकला गल्लीचा रिवाज ठाऊक होता. पहिल्याच आठवड्यात तो एक लालभडक गाडी ढकलत शेडमध्ये घेऊन आला. मागे वीसेक माणसं.

"मिस्त्री, एकदा कान लावा. तुमचा पेचकस खिशात गेला की माझं भाग्य उजळलं."

मिस्त्रीने आधी सांगाड्याच्या जोडांच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोटाला रंगाखालचा गंज लागला. एक नट तीन बोटांनी जरासा आवळला तर आटे सोडून तो हातात आला. मग गाडी चालू करून मला टेकवलं. मित्रांनो, आयुष्यात मी खूप वाईट ऐकलं आहे, पण ती सगळी दुखणी म्हातारपणाची होती. जन्मतःच म्हाताऱ्या इंजिनाची ही माझी पहिलीच भेट.

मिस्त्रीने टाकीवर दोनदा ठोकलं. नेहमीसारखंच, हलक्या हाताने. टाकीला दोन खळगे पडले.

"टाकी चेपली की हो!" चकचक ओरडला.

"मी नाही चेपली," मिस्त्री म्हणाला. "मी फक्त दार वाजवलं."

गल्ली महिनाभर हसत होती. त्या संध्याकाळी शिंप्याने रस्त्यापलीकडून विचारलं, "इतकी का वाईट आहे?"

"आराखडा चांगल्या गाडीचा आहे. कुठून तरी उचललाय. इंजिनाचं कवचही बरं ओतलंय. पण आत जे जे फिरतं, घासतं, आवळतं, ते सगळं भुसा."

"म्हणजे कापड झकास, शिलाई कच्ची."

"शिलाई कुठली? टाचण्या लावून सोडलंय."

मला वाटलं, विषय संपला. मला बरंच काही वाटायचं त्या काळात.

लेकीचा छापखाना नदीपलीकडे होता. दोन बस बदलून जावं लागायचं. तिला स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायची होती. वर्षभरात तिने एकामागून एक सात जुन्या गाड्या बापासमोर आणून उभ्या केल्या होत्या आणि सातही टाक्यांवर दोन दोन ठोके पडले होते. सातव्या वेळी ती म्हणाली, "तुमच्या कानाला पसंत पडेपर्यंत मी पेन्शनीत निघेन, बाबा."

"घाई कशाला?"

"घाई नाहीये. उभी राहून राहून पाय दुखतात बसमध्ये, एवढंच."

पंधरा दिवसांनी ती चकचकची गाडी घेऊन आली. तसलीच, लाल. शेडच्या तोंडाशी तिने ती उभी केली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "घेतली. आता लावा कान. खरं काय ते सांगा."

शिंपी मोजपट्टी गळ्यात टाकून बाहेर आला. मिस्त्रीची बायको पदराला हात पुसत मागच्या दारात उभी राहिली. गल्लीतली आणखी चार-पाच डोकी जमली. लेकीचा चेहरा भांडायच्या तयारीत होता, पण हेल्मेटचा पट्टा ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. शाळेतून प्रगतिपुस्तक आणायची तेव्हाही ती दप्तराच्या बंदाशी हेच करायची.

मिस्त्रीने मला टेकवलं. मी एकूण एक सांगितलं. दोन्ही मुख्य बेअरिंगं वाळू चावतायत. साखळी जिन्यावरून उतरतेय. तेलाचा पंप श्वास लागल्यासारखा चालतोय. मागच्या चाकाविषयी तर मला विचारूच नका. त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून ठेवले. मग उघडले, लेकीकडे पाहिलं, आणि मला खिशात ठेवलं.

"बघ!" लेक आईला म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला. "बघितलंस ना?"

त्या खिशात मी शेकडो वेळा गेलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथे लाज वाटली. तुम्ही म्हणाल, बापाचं काळीज. असेल. मी पोलादाचा आहे, मला खरं आणि खोटं एवढंच कळतं.

पुढच्या रविवारी लेक केस धुऊन, उन्हात पुस्तक घेऊन बसली होती. मिस्त्री म्हणाला, "गाडी धुऊन ठेवतो." गाडी शेडमध्ये घेतली, दार लोटलं आणि मागचं चाक खोललं. बेअरिंग हातात आलं ते चुरा होऊन. त्याने चांगलं बेअरिंग बसवलं, गाडी धुतली आणि दारात नेऊन उभी केली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गाडी धुतली. तेलाची सीलं, मग वायरिंग, मग चाकाच्या तारा. लेक एकदा आठ दिवस पुस्तकांच्या प्रदर्शनासाठी दुसऱ्या गावी गेली, तेव्हा त्याने पूर्ण इंजिन उतरवून जमिनीवर पसरलं. प्रत्येक वेळी झाकण काढून कोरलंही. पुढच्या मिस्त्रीला फसवायचं नव्हतं ना त्याला!

"बाबा, पुरे धुणं," लेक म्हणायची. "रंग जाईल."

"जाणारच आहे," मिस्त्री म्हणायचा.

वर्षभरात त्या गाडीत कारखान्याचं असं फारसं काही उरलं नाही. गाडी गुणगुणत नदी ओलांडायची. लेकीला त्याचं श्रेय कारखान्याला देताना पाहून माझा जीव जळायचा. "नावं ठेवत होतात ना? बघा आता," असं ती बापाला येता-जाता ऐकवायची. तो चहा ढवळत बसायचा.

पण खिशात गेलेला पेचकस गल्लीने पाहिला होता, आणि गल्लीने तो तिच्या पद्धतीने वाचला. ज्याने पहिल्या गाडीची टाकी चेपली, त्याच माणसाने तसलीच गाडी लेकीसाठी पास केली. म्हणजे नवीन माल सुधारला असणार! पुढच्या दोन महिन्यांत पाच जणांनी त्या गाड्या घेतल्या. कोणी कान लावायला आणल्याच नाहीत. निकाल आधीच लागला होता. चकचकने लेकीचा गाडीसकट फोटो काढून शोरूममध्ये टांगला. पाच जणांत शिंपीही होता.

आठ महिन्यांनी, उतारावर, शिंप्याच्या गाडीच्या मागच्या चाकाचं बेअरिंग फुटलं. चाक आडवं झालं. शिंपी रस्त्यावर घासत गेला आणि त्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

लेक म्हणाली, "शिंपीकाकांनी कापडाचे गठ्ठे जास्त लादले असतील. माझीला काय झालं? काहीच नाही."

प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून शिंपी शेडमध्ये आला तेव्हा मिस्त्री एकटाच होता. शिंपी स्टुलावर बसला नाही.

"मिस्त्री, मी डोळ्यांनी बघितलं होतं. तुम्ही खिशात ठेवलात."

"ठेवला."

"मग?"

"ती माझी लेक होती."

शिंपी म्हणाला, "आणि मी कोण होतो?"

मिस्त्री मला चिंधीने पुसू लागला. माझ्याकडे उत्तर होतं, पण मला कोण विचारतंय? शिंप्याने जाताना एवढंच विचारलं, "तिला माहीत आहे?"

"नाही."

"सांगणार आहात?"

"रविवारी सांगतो."

शिंप्याने ही गोष्ट बाहेर कुठेच काढली नाही. मनगट जुळलं, पण कात्री पूर्वीसारखी चालली नाही. पुढे तो फक्त विजारी आखूड करायचा आणि त्यांच्या चेन बदलून द्यायचा. शेडच्या समोर बसून बसून त्याने एक दिवस खुर्चीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मिस्त्रीने बाकीच्या चौघांना निरोप धाडून त्यांच्या गाड्यांची चाकं बदलून दिली. शिंप्याची गाडीही त्याने उचलून आणली आणि नीट केली, पण शिंपी ती न्यायला आलाच नाही. रविवार मात्र येत राहिले आणि जात राहिले. आणि मग मिस्त्रीने मला खिळ्यावर टांगलं. कोणी गाडी घेऊन आलं की तो कानाकडे बोट दाखवून म्हणायचा, "कान गेला माझा. आता ऐकू येत नाही."

एक खोटं झाकायला हे दुसरं. आणि दुसरं पहिल्यापेक्षा महाग पडलं, कारण ते रोज बोलावं लागायचं. लेकीने विश्वास ठेवला. ती बापाशी ओरडून बोलू लागली. जेवताना ओरडायची, वर्तमानपत्र ओरडून वाचून दाखवायची. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणाली, तर हा म्हणे, "या वयात काय ऐकायचं राहिलंय?" दर वर्षी गाडीच्या वाढदिवशी ती त्याच्या कानाशी येऊन ओरडायची, "बाबा, पाच वर्षं झाली! एक दिवस बंद पडली नाही!" मग सहा, मग सात. मिस्त्री हात कानामागे धरून विचारायचा, "काय?" ती पुन्हा ओरडायची. मी खिळ्यावरून बघायचो. एकाला सगळं ऐकू येत होतं आणि दुसरीला काही दिसत नव्हतं, आणि दोघं एकाच पातेल्यातली भाजी वाढून घेत होती.

माझे हालही ऐका. मला आधी धूळ बसली, मग गंज. मिस्त्रीच्या बायकोने मला रंगाचा डबा ढवळायला नेलं. मग घट्ट झाकणं उघडायला. मग दोन पावसाळे मी स्वयंपाकघराच्या खिडकीला फटीत पाचर म्हणून उभा होतो. ज्याच्या एका शब्दावर गाड्यांचे सौदे मोडायचे, तो खिडकी वाजू नये म्हणून अंगावर पाऊस घेत होता! एकदा ती बाई मला खिडकीतून काढताना हळूच म्हणाली, "तुला सगळं ठाऊक आहे रे मेल्या." म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

अकराव्या वर्षी एका दुपारी मिस्त्री स्टुलावर बसल्या बसल्या गेला. समोर चहा होता. त्यावर साय धरली, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं.

लेकीने शेड आवरायला तीन महिने लावले. एकेक पाना पुसून कागदात गुंडाळला. मला खिडकीतून काढून बघितलं आणि कशात गुंडाळायचं ते न कळून बाकावर ठेवून दिलं. ती अजून मोठ्या आवाजात बोलायची. सवय लागली होती. मग मध्येच थांबायची.

एका सकाळी आरोग्यकेंद्रात नव्याने आलेली एक नर्स शेडच्या दाराशी येऊन थांबली. चकचकच्या शोरूममधली कोरी गाडी चालवून बघायला घेऊन आली होती. तीच जात, तोच लाल रंग, फक्त झरोके आता चार झाले होते.

"ताई, तुमचा फोटो बघितला शोरूममध्ये," नर्स म्हणाली. "अकरा वर्षं चालली म्हणे तुमची. मला वस्त्या-वस्त्यांवर जायचं असतं, बाळंतिणी बघायला. मध्येच बंद पडली तर पंचाईत. घेऊ ना ही?"

"बेलाशक घे," लेक म्हणाली. "आमच्या बाबांनी भारी नावं ठेवली होती, पण एक दिवस त्रास नाही दिला मला. थांब, तुला ऐकवते. आमच्याकडे ऐकून गाडी घ्यायची पद्धत आहे."

तिने मला उचललं. लहानपणी बापाने तिला बाकावर बसवून माझी मूठ तिच्या कानाला लावली होती, तो हात ती विसरली नव्हती. आधी तिने स्वतःच्या गाडीला मला टेकवलं. मांजर झोपलेलं होतं, घुरघुरत. ती हसली. मग नर्सच्या कोऱ्या गाडीला टेकवलं.

मी दहा वर्षं बोललो नव्हतो. अंगावर गंज होता, रंगाचे थर होते. पण सांगायचं ते सांगितलं.

तिचं हसू गेलं. ती पुन्हा आपल्या गाडीशी गेली. पुन्हा कोऱ्या गाडीशी. डोळे मिटून, बाप मिटायचा तसे. मग ती खाली बसली आणि आपल्या गाडीचं चेनवरचं झाकण बघू लागली. तिने माझं टोक पहिल्या स्क्रूवर ठेवलं.

चार स्क्रू होते, मित्रांनो. मी ते पिळले. कुरकुर केली नाही.

झाकण आतून काळ्या चिकट मळाने भरलेलं होतं. तिने चिंधीने पुसलं आणि अक्षरं वर आली. दाटीवाटीने, एकाखाली एक, जागा पुरली नाही तिथे कडेने वळलेली. मागच्या चाकाचं बेअरिंग. तेलाची सीलं. वायरिंग. तारा. मेन बेअरिंग दोन्ही. आतली साखळी. तेलाचा पंप. पुढे तारखा. तिने ती सगळी वाचली, मुद्रितं वाचतात तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून. शेवटापर्यंत गेली आणि बोट पुन्हा पहिल्या ओळीवर आणलं. मागच्या चाकाचं बेअरिंग. ती तारीख गाडी घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारची होती. शिंप्याने गाडी घेतली ती त्यानंतर.

मागच्या दारात तिची आई येऊन उभी होती.

"धुवायला नेत होते," आई म्हणाली.

लेकीने मान वर केली नाही. "आई, बाबांना ऐकू येत होतं?"

"तू जे जे म्हणालीस," आई म्हणाली, "ते सगळं."

नर्सला काही कळत नव्हतं, आणि तिला केंद्रावर परत जायचं होतं. ती चाचरत म्हणाली, "ताई, मग... घेऊ ना?"

लेक उठली. मला मधोमध धरलं. मिस्त्री धरायचा तसं. आणि माझ्या मुठीने स्वतःच्या गाडीच्या टाकीवर दोनदा ठोकलं. हलकेच.

दोन खळगे पडले.

"अगं बाई, टाकी चेपली की!" नर्स म्हणाली.

"चेपू दे," लेक म्हणाली. "तेवढीच कारखान्याची उरली होती."

मग तिने नर्सला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं, झाकणावरच्या ओळी वाचून दाखवत. नर्स कोरी गाडी परत देऊन आली. लेकीने शोरूममध्ये जाऊन आपला फोटो स्वतःच्या हाताने उतरवला. चकचक म्हणाला, "ताई, असं काय करता? अकरा वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?" ती म्हणाली, "चेष्टाच होती. माझी." आणि तिथून ती सरळ शिंप्याच्या दुकानात गेली. भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीसमोर उकिडवी बसली, मांडीवर झाकण ठेवून. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी तिच्या पिशवीत होतो आणि पिशवी जाड होती. पण बऱ्याच वेळाने शिंपी म्हणाला ते मात्र आलं. म्हणाला, "रविवारी सांगतो म्हणाले होते. आज वार कुठला?"

तर मित्रांनो, माझी विनंती. अवजारं वापरून झाली की पुसून तेलाचा हात लावून ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. खिडकीत पाचर लागलीच तर तिथे ते पिवळ्या मुठीचे ठेवा, त्यांना तेवढंच जमतं. माझं सांगणं वेगळं आहे. परक्या माणसाच्या टाकीवर ठोकायला काही लागत नाही. मी आयुष्यभर तेच करत आलो आणि मोठा तोरा मिरवला. एखाद्या दिवशी तुमचंच माणूस दारात येईल, हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत, आणि म्हणेल, खरं काय ते सांगा. तेव्हा त्याच्या रात्रंदिवसाच्या प्रवासाची काळजी असेल तर खुशाल रविवारचे रविवार त्याची गाडी धुवा. पण आधी दोनदा ठोका.